मालकाला समज दिली

गुंडीनं कालपासून खाणं टाकलं होतं. मांजराचा उपास अंगावर काढायचा नसतो, यकृतावर येतं, म्हणून संध्याकाळी तिला पिंजऱ्यात कोंबून दवाखाना गाठला. बाकावर लॅब्रेडॉरवाले एक काका होते.

"काय होतंय मनीला?"

"जेवत नाहीये."

काकांनी पिंजऱ्यात दोन बोटं घालून गुंडीचा कान चाचपला. "ताप आहे! अर्धी पॅरासिटामॉल द्या गुळाच्या पाण्यातून. आमच्या ब्रूनोला तेच देतो."

म्हटलं, "काका, मांजरांना ती गोळी विष असते. एका गोळीतही मरतात. आणि कानावरून ताप नाही कळत." एकशेदोन तर यांचं नेहमीचंच तापमान, आणि ते मोजायला थर्मामीटर कुठे घालतात हे चारचौघांत सांगायची माझी हिंमत झाली नाही.

"डॉक्टर लोक घाबरवतात हो, धंदा आहे. जंतांवर काय देता?"

"दर तीन महिन्यांनी डॉक्टर देतात ते."

"लसूण! भाकरीत कुस्करून. आणि गोचिडांना रॉकेल."

लसूण कुत्र्याला चालत नाही, रॉकेलनं कातडी भाजते. पण एव्हाना मी गप्प बसायचं ठरवलं होतं. तेवढ्यात ब्रूनोनं जांभई दिली. हिरड्या गुलाबी हव्यात, त्याच्या खडूसारख्या होत्या. कानामागे गोचिडांची वसाहत.

"तुम्ही कशाला आलात मग?"

"थोडा थकलाय. गोचीडताप म्हणतात."

इथे मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. त्या जनावराचं रक्त गोचीड पिणार, वर रॉकेल चोळून घ्यायचं, आणि तरी शेपूट हलवायची ती काकांसाठीच! महिन्याला एक औषध मानेवर लावलं असतं तर भागलं असतं. पण ते महाग. रॉकेल कुठून मिळवतात देव जाणे, रेशनवरसुद्धा दिसत नाही आता.

दार उघडलं, डॉक्टर बाहेर आले. काका ताडकन उठले.

"डॉक्टर, आधी या ताईंना बघा. मांजराला पॅरासिटामॉल द्यायचं म्हणताहेत!"

मी तोंड उघडेपर्यंत डॉक्टर सुरू झाले होते. तांबड्या पेशी कशा निकामी होतात, हिरड्या कशा काळ्यानिळ्या पडतात, शिकलेली माणसंसुद्धा कशी वागतात. सगळा बाक ऐकत होता. पोपटवाल्या आजींनी 'च्च' केलं. काका दर वाक्याला मान डोलावत होते, मधेच "तेच सांगत होतो मी" असंही म्हणाले.

गुंडीची दाढ दुखत होती, म्हणून खात नव्हती. ताप नव्हताच. बिल मात्र होतं, आणि केसपेपरच्या तळाशी एक ओळ: 'औषधांबाबत मालकाला समज दिली.' खोडून मागितली, तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, सरांनी लिहिलंय, मी कशी खोडू?" पुढच्या लसीला जाईन तेव्हाही तोच कागद निघणार.