आमच्या खोलीचा राडारोडा: एक पोतं

"मॅम, हे सगळं सस्टेनेबल आहे," असं म्हणत, खोलीचं काम काढायचं म्हणून बोलावलेल्या इंटिरियर डिझायनर मुलीने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर आमचीच पश्चिमेकडची खोली होती म्हणे. मला काही ओळखू आली नाही. भिंतीवर बांबूचं पॅनेल, छताला पीओपी, त्यात लपवलेले पिवळे दिवे, पलंगामागे शेवाळाची फ्रेम आणि जमिनीवर 'टेराझो लुक'च्या व्हिट्रिफाइड टाइल्स. टेराझो म्हणजे काय, असं मी विचारलं. तिने फोनवर फोटो शोधून दाखवला. सिमेंटमध्ये संगमरवराचे बारीक तुकडे, घासून गुळगुळीत केलेले. मी पायाखाली बघितलं. आमची बिल्डिंग १९८४ सालची. तेव्हा बिल्डरने घातलेली, चाळीस वर्षांचे चहाचे डाग प्यायलेली मोझॅक फरशी म्हणजे दुसरं काय होतं? ती फोडायची आणि तिचाच फोटो छापलेली टाइल तिथे बसवायची!

मुलगी गुणी होती, तिला बोल लावत नाही. तिला जे शिकवलं ते ती विकत होती. पण त्या रात्री मी कागद-पेन घेऊन बसले. खोली १२ बाय १० ची. फरशी आणि तिच्याखालचा माल मिळून अडीच इंच धरला तर २५ घनफूट, म्हणजे वजनाने जवळजवळ दीड टन राडारोडा. तो कुठे जातो हे पुणेकरांना सांगायला नको, नदीकाठाने एक चक्कर मारली की दिसतो. बदल्यात येणार ती टाइल बहुधा गुजरातेत मोरबीच्या भट्टीत १२०० अंशांच्या आसपास भाजलेली आणि ट्रकने इथवर आणलेली. एवढं सगळं करून वर 'इको-फ्रेंडली पॅकेज'.

माझं मत सरळ आहे. घराचं काम काढताना निसर्गाचा विचार करायचा असेल तर आधी काय राहू द्यायचं ते ठरवावं. खरेदीची यादी त्यानंतर. आणि यादी लांबायला लागली की समजावं, आपल्याला कोणीतरी हिरव्या रंगात गुंडाळून नेहमीचाच माल देतंय.

तर फरशीला पॉलिश केलं. दोन दिवस घरभर मशीनचा घरघराट, सगळीकडे करडा चिखल. ती स्लरी मोरीत ओतू देऊ नका, पाइपमध्ये बसून दगड होते. बादलीत निवळू दिली, वरचं पाणी ओतलं आणि खाली बसलेला गाळ पोत्यात भरला. भेगा पांढऱ्या सिमेंटने भरल्या. पॉलिशवाले भैया शेवटचा हात मारून म्हणाले, "भाभीजी, ऐसा माल अब नहीं आता." दारापाशी एक गडद डाग राहिलाय. राहू दे. तिथे माझ्या मुलाने शाईची दौत सांडली होती.

ही खोली सासूबाईंसाठी करायची होती. त्यांचं वय ८१. त्यांची तक्रार शोभेची कधीच नव्हती. त्या म्हणत, "दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो गं." गंमत म्हणजे ॲक्सेंट वॉलपासून मूडबोर्डपर्यंत सगळ्यावर बोलणं झालं, पण खोली तापते का, असं त्या पॅकेजने विचारलंच नव्हतं.

आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. गच्चीवर सोसायटीने तीन वर्षांपूर्वी चायना मोझॅक करून घेतलंय. पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांवरून ऊन परततं, त्यामुळे छताचा त्रास कमी झाला. पण दुपारचं पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, छज्ज्याखालून सरळ आत शिरतं. आतून कितीही जाड पडदा लावा, ऊन काचेतून आत आलं की उष्णता खोलीतच अडकते. अडवायचं तर बाहेर, काचेच्या आधी. म्हणून खिडकीच्या ग्रिलला बाहेरून बांबूची चिक, म्हणजे काड्यांचा गुंडाळता येणारा पडदा, बांधली. मेमध्ये दुपारी चारला सासूबाई त्या खोलीत पुस्तक वाचत बसल्या होत्या. आधी त्या वेळेला त्या स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ खुर्ची टाकून बसायच्या. चिक पावसाळ्यात काढून ठेवायला लागते, नाहीतर बुरशी धरते. तेवढी कटकट आहे.

माझं माहेर अकोल्याचं, त्यामुळे वाळ्याच्या पडद्यांचा मोह झाला होता. ओल्या वाळ्यातून येणारा तो वास! पण खिडकीला रोज दोनदा पाणी कोण मारणार? आणि हे काम कोरड्या हवेतच करतं. कोकणात किंवा मुंबईत कोणी वाळ्याचा पडदा सुचवला तर फक्त वासासाठी लावा.

भिंतींना मला चुनाच द्यायचा होता. आजोळी दिवाळीआधी चुन्यात चिमूटभर नीळ घालून हात मारायचे. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो, हे बरोबर आहे. पण त्याआधी चुनखडी भट्टीत भाजावी लागते, तेव्हा तोच वायू आणि जळणाचा धूर दोन्ही हवेत जातात, हेही खरं. माझा बेत वेगळ्याच कारणाने फसला. जुन्या प्लास्टिक पेंटवर चुना धरत नाही, पोपडे निघतात. सगळा रंग खरवडायचा तर परत तोच राडा. म्हणून उग्र वासाची द्रव्यं कमी असलेला, पाण्यात मिसळायचा साधा पांढरा रंग दिला. फोटोत मिरवण्यासारखं काही नाही.

दारं-खिडक्यांच्या बाबतीत मात्र मी हट्ट केला आणि त्यावर जरा बोलते. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावं हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या ऑइलपेंटच्या थरांत ते असू शकतं, आणि आमच्या चौकटींवर तसे चार-पाच थर. पेंटरदादा कोरडा पॉलिश पेपर घेऊन बसले होते, तोंडाला रुमालसुद्धा नाही. ती धूळ त्यांच्या छातीत आणि उद्या रांगणाऱ्या बाळाच्या तोंडात. मी पाणी पेपर, म्हणजे ओला करून घासायचा, आणून दिला, खाली ओलं फडकं अंथरलं, मास्क दिला. "काकू, याने वेळ लागतो," ते म्हणाले. लागला. एक दिवसाची मजुरी जास्त दिली. पर्यावरणाच्या गप्पा मारणाऱ्यांनी आधी आपल्या घरात घासकाम करणाऱ्या माणसाकडे बघावं, असं मला फार वाटतं.

कपाटाचं म्हणाल तर सासूबाईंचं सागवानी कपाट होतंच. बिजागऱ्या बदलल्या, एक फळी वाळवीने खाल्लेली होती ती बदलली. त्यासाठी टिंबर मार्केटमध्ये जुनं लाकूड शोधलं. वाडे पडताहेत तोवर जुनं सागवान मिळतंय, हे म्हणताना बरं वाटत नाही, पण मिळतंय. नवीन फर्निचर करणारच असाल तर 'ग्रीन' हा शिक्का बघून भुलू नका. प्लाय आणि एमडीएफच्या (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळ्यांच्या) गोंदातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू सुटत राहतो, नव्या कपाटाचा डोळे झोंबवणारा वास त्याचाही असतो. त्याने माणसाला कर्करोग होतो असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच दिलाय. दुकानदाराकडे हा वायू कमी सोडणारा, ई-झिरो किंवा निदान ई-वन दर्जाचा प्लाय मागा, मिस्त्रींकडून कापलेल्या सगळ्या कडा बंद करून घ्या, मागच्यासुद्धा, आणि खोली काही आठवडे उघडी ठेवा.

आता कोणी म्हणेल, बाई जुन्याच्या प्रेमात आहे. नाही हो. जुना पंखा मी स्वतः भंगारात दिला. तो ७५ वॉट खायचा, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० वॉटवर चालतो. दिवसाला पंधरा तास धरले तर महिन्याला वीस युनिट वाचतात. फरशी चाळीस वर्षं नुसती पडून असते, पंखा मात्र रोज वीज खातो. त्यामुळे दोघांना एक न्याय लावता येत नाही. चोकवाली ट्यूबही त्याच दिवशी गेली.

पीओपीला नाही म्हटलं. साडेनऊ फुटांची उंची साडेआठवर आणून त्यात कोळ्यांची सोय करायची, हे मला कधी कळलेलं नाही.

गादी मात्र विसरले होते. माळ्यावर कापसाच्या दोन जुन्या गाद्या होत्या, गोळे झालेल्या. गादी कारखान्यात नेऊन कापूस पिंजून घेतला. दोन्हींची मिळून एक जाड गादी झाली आणि वर दोन उशा. सासूबाई पहिल्या रात्री झोपून उठल्यावर म्हणाल्या, "लग्नातल्या गादीवर झोपले." ती त्यांच्याच लग्नातली होती, हे मला तेव्हा कळलं.

सगळं मिळून एक पोतं राडारोडा निघाला, त्यातला निम्मा पॉलिशचा गाळ. खर्च पॅकेजच्या तिसऱ्या हिश्श्यात बसला, पण वेळ दुप्पट गेला. शेजारच्या वहिनी परवा येऊन सगळीकडे नजर फिरवून म्हणाल्या, "मग, काम कधी काढताय?"

आणि हो, वाऱ्याने चिकची दोरी तुटलीये. नवीन चिक विकणारे पाच जण भेटले, दुरुस्त करून देणारं कोणी नाही. कोथरूड, कर्वेनगरकडे कोणी माहीत असेल तर कळवा.