लोह टाकलं, प्लवक वाढलं. कार्बन मात्र तळाला गेला नाही

एक दावा गेली कित्येक वर्षं वेगवेगळ्या रूपांत फिरतो आहे. त्याचा मतितार्थ असा: अंटार्क्टिकाभोवतीच्या थंड समुद्रात फक्त लोहाची कमतरता आहे. जहाजभर लोह ओतलं की सूक्ष्म शेवाळ फोफावतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, मरतं आणि तळाला जातं. कार्बन कायमचा गाडला जातो. एका टन लोहामागे हजारो टन कार्बन, तोही जवळजवळ फुकट. शेवटी पुस्ती अशी की भारताने २००९ मध्ये हे करून दाखवलं, पण जर्मनीने प्रयोग बंद पाडला.

दाव्यातली सुरुवात बरीचशी खरी आहे, म्हणूनच पुढचं सगळं पटकन पटतं. एकेक मुद्दा घेऊ.

"तिथे फक्त लोहाची कमतरता आहे." दक्षिण महासागराच्या वरच्या पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट मुबलक असतं, तरी वनस्पतीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारं हे सूक्ष्म शेवाळ, विरळ. जमीन दूर असल्याने वाऱ्याबरोबर येणारी धूळ कमी आणि धुळीबरोबर येणारं लोहही कमी. अमेरिकी सागरशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी हे ठामपणे मांडलं. "अर्धा टँकर लोह द्या, मी तुम्हाला हिमयुग आणून देतो" हे त्यांचं १९८८ मधलं वाक्य आजही या दाव्यासोबत फिरतं. १९९३ पासून खुल्या समुद्रात डझनभर प्रयोग झाले आणि लोह टाकल्यावर बहुतेक ठिकाणी प्लवक वाढलंच. इथवर वाद नाही.

वाद "फक्त" या शब्दाशी आहे. खोलवर लवकर बुडणारं प्लवक म्हणजे मुख्यतः डायटम. त्यांचं कवच सिलिकाचं, काचेसारखं असतं, आणि ते घडवायला पाण्यात सिलिकेट लागतं. अंटार्क्टिकाच्या जवळ, ध्रुवीय सीमाप्रवाहाच्या (थंड ध्रुवीय पाणी आणि उत्तरेचं कमी थंड पाणी यांमधल्या सीमेच्या) दक्षिणेला ते भरपूर आहे. उत्तरेला सरकलं की उन्हाळ्यात ते संपत आलेलं असतं. अशा पाण्यात कितीही लोह ओतलं तरी डायटम वाढत नाहीत. वाढतात त्या कवच नसलेल्या बारीक पेशी, आणि एकटी बारीक पेशी स्वतःच्या वजनाने दिवसाला मीटरभरही खाली जात नाही.

"जहाजभर लोह ओतलं की झालं." आपल्याकडे चुनखडीच्या जमिनीत ऊस पिवळा पडतो, तेव्हा नुसतं हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून भागत नाही. ते लगेच बांधलं जातं आणि मुळांना मिळत नाही, म्हणून शेणखतात मुरवून देतात, पानांवर फवारतात किंवा चिलेट, म्हणजे लोह धरून ठेवणाऱ्या सेंद्रिय रेणूत बांधलेलं लोह, वापरतात. समुद्राचा सामू (pH) ८.१ च्या आसपास असतो, त्यामुळे अडचण तीच. हिराकसातलं विरघळलेलं लोह ऑक्सिजनशी संयोग पावतं, त्याचा गंज होतो आणि तो बारीक कणांच्या रूपात खाली बसतो. गरम पाण्यात हे काही मिनिटांत घडतं, थंड पाण्यात जास्त वेळ लागतो. म्हणून जहाजावरच्या टाक्यांमध्ये हिराकसाचे हिरवट खडे समुद्राच्या पाण्यात घालून, आम्ल मिसळून विरघळवतात. ते द्रावण नळीने जहाजाच्या मागे, पंख्याने घुसळलेल्या पाण्यात सोडतात, आणि जहाज तरंगत्या बोयाभोवती फेऱ्या घालत राहतं. मोठ्या भोवऱ्याचा गाभा निवडायचा, म्हणजे खत घातलेलं पाणी विखरून जात नाही.

लोहाचं प्रमाण किती? ३०० चौरस किलोमीटर क्षेत्र, ६० मीटर जाडीचा वरचा थर आणि दोन टन लोह धरा. एका लिटरमध्ये येतो ग्रॅमचा साधारण कोटीवा भाग, म्हणजे दोन नॅनोमोल. मूळ पाण्यात त्याहून कितीतरी कमी असतं. इतकं कमी पुरतं हे खरं, पण ते टिकत नाही. पाण्यातल्या सेंद्रिय रेणूंनी धरून ठेवलं तेवढंच विरघळलेलं राहतं, बाकी निसटतं. प्रयोगांत दोन-तीनदा लोह सोडावं लागतं ते यामुळे.

"शेवाळ मरतं आणि तळाला जातं." सगळा दावा या एका वाक्यावर उभा आहे, आणि सर्वांत कच्चं वाक्यही हेच. बहुतेक प्लवक म्हातारं होऊन मरत नाही, ते खाल्लं जातं. खाणारा श्वास घेतो आणि कार्बन पुन्हा पाण्यात येतो. बुडत्या कणांसाठी मार्टिन यांनीच मांडलेलं एक सूत्र आजही वापरात आहे. त्यानुसार १०० मीटरला जेवढा कार्बन खाली जातो, त्यातला ५०० मीटरपर्यंत सुमारे २५ टक्के पोहोचतो, १००० मीटरपर्यंत १४ टक्के आणि ४००० मीटरपर्यंत जेमतेम ४ टक्के. ही सरासरी आहे, जागेनुसार ती पुष्कळ बदलते.

दाव्यात ज्या प्रयोगाचं नाव घेतलं जातं, त्यानेच हे सर्वांत स्पष्ट दाखवलं. तो प्रयोग म्हणजे लोहाफेक्स. नावातलं "लोह" आपलंच. गोव्यात दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी पोलारस्टर्न या जहाजावरून तो नैर्ऋत्य अटलांटिकच्या थंड पाण्यात केला. एका भोवऱ्याच्या गाभ्यात दोन वेळा दोन-दोन टन लोह सोडलं आणि ३९ दिवस मोजमाप केलं. हरितद्रव्य दुप्पट झालं. पण पाण्यात सिलिकेट लिटरला दोन मायक्रोमोलपेक्षा कमी होतं, त्यामुळे प्लवकाच्या एकूण जैवभारात डायटमचा वाटा दहा टक्क्यांच्या आतच राहिला. वाढलेल्या बारीक पेशींवर कोपेपॉड तुटून पडले.

कोपेपॉड म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा किंवा त्याहून लहान कवचधारी जीव. त्याची लेंडी पातळ आवरणात बांधलेली असते आणि एकट्या पेशीपेक्षा कितीतरी वेगाने बुडते, म्हणून कार्बन खाली नेण्यात तिचा मोठा हात असेल असं वाटतं. पण वरच्या शे-दोनशे मीटरमध्येच दुसरे प्लवकजीव तिला फोडतात आणि खातात, उरलेलं जिवाणू संपवतात. बुडते कण गोळा करायला खोलवर सोडलेल्या सापळ्यांत लेंड्या मोजक्याच सापडल्या.

किती कार्बन खाली गेला हे थोरियम-२३४ वरून कळतं. पाण्यातल्या युरेनियमपासून हे मूलद्रव्य सतत तयार होतं, कणांना चिकटतं आणि त्यांच्याबरोबर बुडतं. त्याचं अर्धायुष्य २४ दिवस. वरच्या थरात ते अपेक्षेपेक्षा जितकं कमी, तितके कण खाली गेले. लोहाफेक्समध्ये दर चौरस मीटरमागे दिवसाला सुमारे ७५ मिलिग्रॅम कार्बन खाली जात होता, आणि खत न घातलेल्या शेजारच्या पाण्यातही जवळपास तेवढाच. निव्वळ उत्पादन होतं सुमारे २५० मिलिग्रॅम. फरकाचा काही भाग वर साठला, काही १०० मीटरच्या आत पुन्हा विरघळला. सापळ्यांत बहुतेक वेळा दिवसाला १३ मिलिग्रॅमहूनही कमी कार्बन आला.

याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. २००४ च्या आयफेक्स या लोह टाकण्याच्याच प्रयोगात पाण्यात सिलिकेट होतं, साखळ्या करणारे डायटम वाढले, गुंतून त्यांचे पुंजके झाले आणि बहराच्या जैवभारापैकी निम्म्याहून अधिक १००० मीटरच्या खाली गेला. म्हणजे कार्बन बुडू शकतो. पण कोणती जात वाढेल आणि तिला कोण खाईल, हे लोहाची गोणी ठरवत नाही.

"एका टन लोहामागे हजारो टन." प्रयोगशाळेत लोहाच्या एका अणूमागे कार्बनचे एक लाख अणू धरले जात. वजनात तो हिशेब एका टनाला सुमारे २१,५०० टन कार्बन इतका होतो. आयफेक्समध्ये, म्हणजे यशस्वी प्रयोगात, प्रत्यक्ष आकडा एका अणूमागे सुमारे १३,००० निघाला, वजनात २,८०० टन. तोही फक्त वरच्या थरातून कमी झालेला कार्बन. त्यातला खोल गेलेला भाग आणखी कमी.

"कायमचा." तळाच्या गाळात पुरला जाणारा वाटा अगदी क्षुल्लक असतो. बाकी सगळं पाण्यात विरघळून फिरत राहतं. कण २००-३०० मीटरवर विरघळला, तर हिवाळ्यातली वादळं ते पाणी ढवळून वर आणतात आणि कार्बन हवेत परततो. १००० मीटरच्या खाली गेला तर शतकभराची बात करता येते. शिवाय पाण्यातून कमी झालेला कार्बन म्हणजे हवेतून कमी झालेला कार्बन नव्हे. ती तूट हवेतून भरून निघायला कित्येक महिने लागतात, आणि तोवर ते पाणी खाली दबलं तर हवेला फायदा मिळत नाही.

"जवळजवळ फुकट." दक्षिणेत वापरलं गेलेलं नायट्रेट उत्तरेकडच्या समुद्राला मिळत नाही. २००४ मधल्या एका अभ्यासानुसार ३० अंश दक्षिण अक्षांशाच्या उत्तरेकडच्या जैविक उत्पादनापैकी सुमारे तीन चतुर्थांश उत्पादनाला लागणारी पोषकद्रव्यं दक्षिण महासागरातून खाली गेलेल्या पाण्याबरोबर येतात. अंटार्क्टिकाजवळ पिकवलेलं प्लवक म्हणजे दूरच्या मच्छीमाराच्या जाळ्यातून उचललेला घास असू शकतो. खोलवर कुजण्याने ऑक्सिजन घटला, तर नायट्रस ऑक्साइड वाढू शकतो, आणि त्याची तापवण्याची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट आहे. उत्तर प्रशांत महासागरात लोहामुळे डोमोइक आम्ल हे विष बनवणारे डायटमही वाढल्याचं दिसलं आहे.

"जर्मनीने बंद पाडला." नाही. पर्यावरणवादी गटांच्या हरकतींनंतर जानेवारी २००९ मध्ये जर्मन सरकारने प्रयोग थोपवला, परिणामांची छाननी करून घेतली आणि त्याच महिन्यात परवानगी दिली. प्रयोग मार्चपर्यंत पूर्ण झाला, निष्कर्ष छापून आले, आणि वर दिलेले लोहाफेक्सचे आकडे त्यातलेच आहेत.

अशा कामावर कार्बन क्रेडिट विकायला कोणी आलं, तर त्याच्याकडे पुढची मोजमापं मागा: लोह सोडण्याआधीचं सिलिकेट, खत घातलेल्या आणि न घातलेल्या अशा दोन्ही पाण्यांतलं थोरियम, किमान ५०० आणि १००० मीटरवरच्या सापळ्यांतला कार्बन, कोपेपॉडची मोजणी, नायट्रस ऑक्साइड, आणि हे सगळं बहर ओसरल्यानंतरही काही महिने. उपग्रहावरून टिपलेला हिरवा डाग यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही.