‘ताई, पोरांना पाडू नका’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. तुमचा भाचा छत्रपती संभाजीनगरला शिकायला आहे. क्लिपलेस पेडलवरचा, म्हणजे बूट ज्यात खटक्यानं अडकतो त्या पेडलवरचा, माझा लेख वाचून त्यानं पेडल आणि बूट घेतले आणि पहिल्याच दिवशी बीड बायपासच्या सिग्नलला तो उभ्या उभ्या डाव्या अंगावर पडला. मनगटाला प्लास्टर आहे. तुम्ही लिहिलंय, ‘ताई, पोरांना पाडू नका. ही पुण्या-मुंबईची फॅशन आहे. आपल्याकडचे रस्ते, कुत्री, उसाच्या ट्रॉल्या बघता पाय सायकलला बांधून घेणं शहाणपणाचं नाही. आणि पाय वर ओढून ताकद मिळते ही तर थापच आहे.’

आधी भाच्याचं बोलते. वाचून फार वाईट वाटलं, कारण त्यात माझा वाटा आहे. ‘दोन-तीनदा पडाल, मग आपोआप जमेल’ हे वाक्य माझंच. सायकलवाले एकमेकांना हेच सांगत आलेत, मीही ऐकलं तसं पुढं सांगितलं. आज सकाळी ते वाक्य काढलं आणि त्या जागी सराव कसा करायचा ते लिहिलं. न पडताही हे शिकता येतं. माझ्या धाकट्या बहिणीला मी गेल्या वर्षी शिकवलं, ती एकदाही पडली नाही.

माणूस पडतो का, ते नीट सांगायला हवं होतं. साध्या पेडलवरून पाय काढताना आपण तो नुसता उचलतो. शाळेत असल्यापासून पायाला तीच सवय. क्लिपलेस पेडलमध्ये बुटाच्या तळव्याला बोल्टनं बसवलेली छोटी पट्टी, म्हणजे क्लीट, धरून ठेवलेली असते, तिथं पाय कितीही वर ओढला तरी साधी क्लीट सुटत नाही. टाच बाहेरच्या बाजूला फिरवली की खट्ट आवाज होऊन सुटते. घरी उभं राहून हे पाच मिनिटांत कुणालाही जमतं. पण अचानक रिक्षा आडवी आली की पाय जुन्या सवयीनं वर ओढला जातो, सायकलचा वेग तर संपलेला असतो, आणि तोल जातो. अशा वेळी हात टेकायला जावं तर सगळा भार मनगटावर येतो. म्हणून पडतोय असं वाटलं तरी हँडल सोडू नये.

त्यामुळं अडकवण्याचा सराव नंतर, आधी सोडवण्याचा. बहिणीला मी अंगणात भिंतीला हात लावून सायकलवर बसवलं. डावा पाय पन्नास वेळा सोडवायचा, मग उजवा पन्नास वेळा. असं चार दिवस. मग शाळेच्या मैदानावर, गवतात, मी ‘थांब’ म्हणाले की थांबायचं. तेही मी बोलता बोलता मध्येच म्हणायचे, कारण रस्त्यावर कुणी सांगून आडवं येत नाही. रस्त्यावर ती दुसऱ्या आठवड्यात आली. तेव्हाही सिग्नल किंवा स्पीडब्रेकर लांब दिसला की पाय मोकळा करून ठेवायचा आणि गियर हलका करून घ्यायचा, म्हणजे पुन्हा निघताना सायकल डगमगत नाही.

आता माझं स्वतःचं. खुलदाबादकडं जाताना दौलताबादच्या तटातला तो अरुंद दरवाजा तुम्ही पाहिला असेल. समोरून बस आत शिरली की इकडच्यानं थांबायचं. मी थांबले, टाच फिरवली, पण पाय सुटलाच नाही. पेरू विकणाऱ्या मावशींच्या टोपल्यांपासून दोन हातांवर पडले, कोपर सोलला. घरी येऊन पेडल निरखून पाहिलं तेव्हा कारण कळलं. माझ्या एसपीडी जातीच्या (शिमानो कंपनीच्या पद्धतीच्या) पेडलला दोन्ही तोंडांना पकड असते, आणि पकड घट्ट-सैल करायचा स्क्रू प्रत्येक तोंडाला वेगळा. म्हणजे दोन पेडलचे मिळून चार स्क्रू. बसवून देणाऱ्यानं त्यातले दोन सैल केले होते, दोन तसेच घट्ट. पेडलचं कुठलं तोंड वर येतंय त्यावर पाय कधी अलगद सुटायचा, कधी अडून बसायचा. सरावात नेमकी सैल बाजूच वर येत राहिली असणार.

फॅशनच्या मुद्द्यावर मात्र मला तुमचं पटत नाही. आधी शर्यतवाले पेडलला लोखंडी टोपी लावायचे, तिला टो-क्लिप म्हणत, आणि वरून चामडी पट्टा आवळायचे. थांबायचं तर खाली वाकून हातानं पट्टा ढिला करावा लागे. पाय बांधणं खऱ्या अर्थानं ते होतं. फ्रान्सची लुक कंपनी बर्फावर घसरायच्या स्कीची बंधनं बनवायची. पाय पिळला गेला की ती बंधनं सुटतात. तीच कल्पना तिनं १९८४ मध्ये पेडलला लावली आणि १९८५ मध्ये बर्नार्ड हिनो हा सायकलपटू ते पेडल वापरून टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकला. ती टोपी गेली म्हणून नाव क्लिपलेस. पाय हाताविना सुटावा हाच त्यातला मोठा फायदा.

पाय वर ओढण्याचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. ताकद लागते ती पाय खाली दाबतानाच. मला फायदा मिळतो तो खडबडीत रस्त्यावर पाय पेडलवरून न उडण्याचा आणि दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब सायकलफेरीत, तेराव्या तासालाही, पाय एकाच जागी राहण्याचा. रोज दहा-वीस किलोमीटर चालवणाऱ्याला याची काही गरज नाही, हेही आता लेखात घातलंय.

रस्त्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी रोज बघते. हंगामात डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर मागून आला की खाली उतरावंच लागतं, आणि आपल्याकडची साइडपट्टी डांबरापासून वीतभर खाली असते. डावा पाय काढला तरी टेकायला जमीनच सापडत नाही. म्हणून मी आधी साइडपट्टी बघते, मग पाय काढते. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय ठेवला की क्लीट चिखलानं भरते आणि पेडलमध्ये बसतच नाही. खिशात एक काडी ठेवावी लागते. कुत्र्यांच्या वस्तीतून जाताना एक पाय मी मोकळाच ठेवते.

भाच्याचे पेडल विकू नका. त्यानं कुठले घेतलेत ते कळवा. तळव्याला तीन बोल्टची क्लीट असेल तर आपल्या रस्त्यांवर तिनं चालणंही अवघड, त्यापेक्षा दोन बोल्टची बरी. शिमानोचे एसपीडी असतील तर एसएच ५६ नावाची क्लीट मिळते, ती टाच फिरवण्याशिवाय इतर दिशांनीही सुटते; शिकणाऱ्याला तीच द्यावी. प्लास्टर निघून डॉक्टर हो म्हणाले की एखाद्या रविवारी त्याला विद्यापीठाच्या गेटपाशी पाठवा. मी ॲलन की घेऊन येते. पेडलवरचे स्क्रू वजा खुणेकडं, म्हणजे सैल, सगळे सारखे, त्याच्याच हातानं फिरवून घेऊ.