सक्ती करता, मग हमीही द्या: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ग्रामीण भागाला फोन आणि इंटरनेटची कायदेशीर हमी हवी, या माझ्या लेखावर तुम्ही इचलकरंजीहून सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं: कंपन्यांच्या स्पर्धेनं मोबाईल खेड्यापाड्यांत पोहोचलाच आहे, ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेटची फायबर केबल नेणारी सरकारी योजना ‘भारतनेट’ ही करदात्यांच्या पैशाची उधळपट्टी आहे, आणि आता उपग्रहावरून इंटरनेट येणार असताना केबल टाकायची कशाला?

आधी पैशाचं बोलू. 2002 पासून दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातले (म्हणजे ठरावीक वजावटी करून उरलेल्या उत्पन्नातले) 5 टक्के ‘सार्वत्रिक सेवा दायित्व निधी’साठी, म्हणजे ग्रामीण भागात फोन-इंटरनेट पोहोचवण्याच्या निधीसाठी, घेतले जातात. 2023 च्या दूरसंचार कायद्यानं त्याचं नाव ‘डिजिटल भारत निधी’ केलं. म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडीच्या एखाद्या धनगरवाड्यातला माणूस बाजाराला येऊन रिचार्ज मारतो, त्यातला वाटाही इथे जातो, भले त्याच्या घरी रेंज नसो. ही वसुली आधी भारताच्या संचित निधीत जमा होते आणि संसदेच्या मंजुरीनं बाहेर पडते. अनेक वर्षं वसुलीच्या मानानं खर्च कमीच झाला. तुम्हाला उधळपट्टी दिसते. मला राग येतो तो पैसा अडकून राहिल्याचा.

भारतनेटच्या कामावरची तुमची टीका मात्र रास्त आहे. 2011 मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं ठरलं. पण बऱ्याच ठिकाणी तालुक्यापासून एकच सरळ लाईन ओढली. रस्त्याच्या कामात जेसीबीनं ती तोडली, की पुढच्या सगळ्या पंचायती बंद. ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत म्हणूनच रिंग पद्धत (एकीकडे लाईन तुटली तरी दुसऱ्या बाजूनं सेवा चालू राहते) आणि 10 वर्षांची देखभाल आली. तरी मोजमापाचा प्रश्न उरतोच. आपल्या गगनबावडा, राधानगरी भागात एका पंचायतीखाली दूर दूर विखुरलेल्या वाड्या असतात. पंचायतीच्या कार्यालयात फायबर आलं, की कागदावर पंचायत जोडली गेली. डोंगराआडच्या वाडीला त्याचा काय उपयोग? आणि जिथे वीस-पंचवीस घरं, तिथे कंपनी टॉवर कशाला उभारेल? त्यात तिला तोटाच आहे. स्पर्धा गिऱ्हाईक असेल तिथे होते.

माझा खरा मुद्दा याच्या पुढचा आहे. रेशनला मशीनवर अंगठा, योजनांना ई-केवायसी, पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या अॅपवर. हे सगळं सरकारनं लावलं. नेटवर्क नाही म्हणून एखाद्या म्हातारीचं धान्य अडलं, तर त्याची जबाबदारी तिच्यावर ढकलायची? कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा ते मोफतही केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, पण शाळा काढायची जबाबदारी संस्थानानं स्वतःवर घेतली. आज सक्ती आहे, जबाबदारी कुणाचीच नाही. फिनलंडनं 2010 मध्ये प्रत्येक नागरिकाला किमान 1 एमबीपीएस वेगाचा कायदेशीर हक्क दिला. आपल्याकडे निधी आहे, योजना आहे. पण वाडीतल्या माणसानं ‘माझ्या घरी इतका वेग द्या’ म्हणून दाद मागावी, असं कलम नाही. ते हवं, आणि ते मिळेपर्यंत नेटवर्कअभावी कुणाचंही रेशन थांबता कामा नये.

राहिला उपग्रह. धनगरवाड्यांसाठी तो जरूर वापरावा, माझा विरोध नाही. पण त्याचं यंत्र आणि महिन्याचं भाडं त्या घरांना परवडणार नाही. ते कुणी भरायचं, असं विचाराल तर माझं उत्तर तेच: याच निधीतून.