पणज्याचा उस्ताद

इंग्लंडात 1710 साली सरकारनं कारागिरीच्या उमेदवारीवर कर बसवला. पोराला धंदा शिकवायला उस्ताद जे पैसे घेई, त्यावर पन्नास पौंडांपर्यंत पौंडामागे सहा पेन्स, वर एक शिलिंग. कर आला की वही आलीच. उस्तादाचं नाव, गाव, धंदा, पोराचं नाव, सुरुवातीच्या वह्यांत तर बापाचंही. 1811 पर्यंतच्या या वह्या लंडनला क्यूच्या अभिलेखागारात नीट जपून ठेवल्यात. करारात दारू, जुगार आणि लग्न, तिन्ही बंद! आमच्या पणज्याचं लग्न तर हातात लाकूड तासायचा वाकस येण्याआधीच लागलं होतं.

हे ज्ञान पुतण्यानं मोबाइलवरून दिलं. निमित्त लेकीच्या कास्ट व्हॅलिडिटीचं, म्हणजे जात पडताळणीचं. ओबीसी म्हणजे 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा हवा. आम्ही सुतार, हे गावातल्या प्रत्येक बैलबंडीला माहीत आहे, पण बंडीची नक्कल मिळत नाही.

कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या वहीची, नक्कल मिळाली. आजोबांच्या जन्माच्या साली पणज्याला ‘मुलगा’ झाल्याची नोंद आहे. मुलाचं नाव नाही. जातीच्या रकान्यावर नेमका वाळवीनं ताव मारलेला.

मग पणजा कोणाच्या हाताखाली शिकला, तेच शोधू म्हटलं. उस्तादाच्या घरी एखादा कागद असेल! भावकीत विचारलं, तर एक म्हणे आर्वीचा उस्ताद, दुसरा म्हणे हिंगणघाटचा, आणि आत्याबाईंच्या मते पणजा कोणाकडेच शिकला नाही, ‘तो जन्मताच रंधा मारत होता.’ आत्याबाईंशी वाद घालणारा माणूस आमच्या भावकीत अजून जन्मायचा आहे.

शेवटी गावच्या म्हाताऱ्या मिस्त्री आबाजींकडे गेलो. ते पणज्याच्याच हाताखाली तयार झालेले.

“आबाजी, शिकायला ठेवताना काही लिहापढी झाली होती काजी?”

“लिहापढी? माह्या बापानं मले तुह्या पंजाच्या दारात उभं केलं अन् म्हणे, हाडं माही, चामडं तुह्यं. झालं! सालभर वाकसाले धार लावाले लावली. लाकडाले हात नाही लावू दिला. मंग बंडीच्या चाकाचा बाभळीचा तुंबा घ्याले लावला. आरा वाकडा बसला का टाळक्यात टोला.”

“पण कागद?”

आबाजींनी डावा अंगठा माझ्या नाकासमोर धरला. टोकाला नखच नव्हतं.

“हे पाय. पहिल्याच तुंब्यावर वाकस बसला. तुह्या पंजानंच हळद दाबली. काढ याची झेरॉक्स!”

मी खरंच फोटो काढून घरी पाठवला. लेकीचं उत्तर लगेच आलं, “बाबा, साक्षांकित प्रत लागते.”