'जुने बॅकअप सरसकट उडवा' सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून एक मेसेज फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली असेल तर विंडोज डॉट ओल्ड, विनएसएक्सएस आणि इन्स्टॉलर ही फोल्डरं उडवा. सहा महिन्यांपेक्षा जुन्या सगळ्या बीएके (नावाच्या शेवटी .bak असलेल्या) आणि बॅकअप फाइल शिफ्ट-डिलीट करा, म्हणजे रिसायकल बिनमध्येही न ठेवता थेट पुसा. ताजा बॅकअप असताना जुन्याचा उपयोग नसतो, आणि तसंही सगळं क्लाउडवर असतंच. कॉम्प्युटर दुप्पट वेगाने पळेल.

जागेची अडचण खरी आहे. २५६ जीबीच्या एसएसडीवर ती लवकरच येते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, त्यामुळे अनेकांनी ११ वर उडी मारली आणि त्यांच्या डिस्कवर जुन्या विंडोजचं भलंमोठं फोल्डर येऊन बसलं. पण मेसेजमधला सल्ला पाळला तर सुक्याबरोबर ओलंही जळेल, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

विंडोज डॉट ओल्डबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. अपग्रेड पसंत पडलं नाही तर मागे जाता यावं म्हणून ते ठेवलेलं असतं. ही मुदत साधारण १० दिवसांची असते, नंतर विंडोज ते आपणहून काढून टाकतं. नवी विंडोज नीट चालत असेल तर आधीच काढायला हरकत नाही. मात्र सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स या वाटेने जाऊन जुन्या विंडोजच्या ओळीवर टिक करून काढा. फाइल एक्सप्लोररमधून हाताने उडवायला गेलात तर परवानगीच्या खिडक्या येत राहतात आणि निम्मं फोल्डर तसंच उरतं. त्याआधी आतलं 'युजर्स' उघडून पाहा. दुरुस्तीवाल्याने ड्राइव्ह फॉरमॅट न करता नवी विंडोज टाकली असेल, तर तुमचं जुनं डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, लग्नाचे फोटो सगळं तिथंच पडलेलं असतं.

विनएसएक्सएस आणि इन्स्टॉलर यांच्या बाबतीत मेसेज साफ चुकतो, कारण ही फोल्डरं म्हणजे जुने बॅकअप नव्हेतच. विनएसएक्सएसमध्ये विंडोजचे स्वतःचे घटक राहतात आणि अपडेट तिथूनच चालतात. ते हाताने उडवलं तर मशीन सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते. शिवाय त्याचा दिसणारा आकार फसवा असतो. एकाच फाइलला दोन ठिकाणची नावं दिलेली असतात आणि एक्सप्लोरर ती दोन्हीकडे मोजतो. अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि विंडोजमधल्याच डिझम (DISM) या साधनाला कॉम्पोनंट स्टोअर, म्हणजे हेच विनएसएक्सएस, तपासायला सांगा. उत्तरात एक्सप्लोररने सांगितलेला आकार आणि खरा आकार अशा दोन वेगळ्या ओळी येतात. सफाईची गरज आहे की नाही हेही शेवटी 'येस' किंवा 'नो' असं लिहून येतं. येस आलं तर सफाई त्याच डिझमकडून करून घ्यायची. इन्स्टॉलर फोल्डर उडवल्याचा त्रास लगेच जाणवत नाही. काही महिन्यांनी एखादा प्रोग्रॅम काढायला किंवा दुरुस्त करायला जाल, तेव्हा तो तिथली नाहीशी झालेली फाइल मागत अडून बसतो.

आता सगळ्यात घातक ओळ: सहा महिन्यांपेक्षा जुनं ते उडवा. अनेक बॅकअप प्रोग्रॅम पहिल्यांदा पूर्ण प्रत घेतात आणि पुढे फक्त बदललेला भाग साठवत जातात. म्हणजे सगळ्यात जुन्या तारखेची फाइल हीच बहुतेक वेळा ती पूर्ण प्रत असते. मेसेज नेमका तिच्यावरच घाव घालायला सांगतो. ती गेली की नंतरच्या साऱ्या फाइल डिस्कवर असूनही निरुपयोगी ठरतात. मधली एक कडी गेली तरी तिच्या पुढचं काही परत मिळत नाही. म्हणून जुन्या प्रती त्या प्रोग्रॅमच्याच सेटिंगमधून कमी करा. कोण कोणावर अवलंबून आहे हे त्याला ठाऊक असतं, तारखेकडे पाहून आपल्याला ते कळत नाही.

बीएके या नावावरूनही काही ठरत नाही. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या प्रोग्रॅमची बीएके म्हणजे त्याच ड्रॉइंगची आधीची सेव्ह केलेली अवस्था. ड्रॉइंग नीट उघडतंय याची खात्री झाली की ती खुशाल काढा. पण दुकानाचं बिलिंग एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर असेल तर तिथल्या एका बीएके फाइलमध्ये सगळा डेटाबेस असू शकतो. व्यापाऱ्यांनी तर इथं विशेष जपायला हवं. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात, आणि कंपनी कायद्याच्या कलम १२८ नुसार ८ आर्थिक वर्षं. सहा महिन्यांचा नियम लावून हिशेबाचे बॅकअप पुसणाऱ्याला उद्या नोटीस आली तर तो दाखवणार काय? अशा फाइल बाहेरच्या डिस्कवर हलवा, तिथं उघडून पाहा, मगच सी ड्राइव्हवरून काढा.

ताजा बॅकअप आहे, मग जुना कशाला, याला उत्तर म्हणून प्रोग्रॅमरांचा कोड ऑनलाइन सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीचं उदाहरण पुरे. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली. सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम ४.५ जीबी उरले. मग कळलं की रोजचा बॅकअप कधीचा निकामी होता, बॅकअप घेणाऱ्या साधनाची आणि डेटाबेसची आवृत्ती न जुळल्यामुळे तो तयारच होत नव्हता आणि बिघाडाच्या सूचनाही पोचत नव्हत्या. वाचवलं ते योगायोगाने सहा तास आधी घेतलेल्या प्रतीने, तरी मधल्या तासांचा डेटा गेलाच. जिथं दिवसरात्र हेच काम चालतं तिथं असं होतं, तर आपण ताजा बॅकअप निदान एकदा रिस्टोअर करून पाहायला हवा की नको? तोवर जुन्याला हात लावू नये. शिफ्ट-डिलीट तर मुळीच नको. एसएसडीवर पुसलेल्या जागेची माहिती 'ट्रिम' आज्ञेने डिस्कला लगेच कळते, आणि मग रिकव्हरीवाल्यांच्याही हाती बहुधा काही लागत नाही.

वेगाचं म्हणाल तर डिस्क अगदी काठोकाठ भरली असेल तर फरक पडतो, अपडेटही अडतात. एरवी पडून असलेल्या फाइल कोणालाच अडवत नाहीत. मंदपणाचं कारण कमी रॅम किंवा जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर कितीही पुसलं तरी उपयोग नाही.

राहिला क्लाउड. वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेच्या फोल्डरमधली फाइल पुसली की ती क्लाउडवरूनही जाते, कारण तिथं जुळवाजुळव चालते, वेगळी प्रत राहत नाही. वैयक्तिक खात्यात ती रिसायकल बिनमध्ये ३० दिवस मिळते, पुढे नाही. जागाच हवी असेल तर फाइलवर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' निवडा. फाइल क्लाउडवर राहते आणि डिस्क मोकळी होते.

आणि आयफोन कधी या कॉम्प्युटरला जोडून बॅकअप घेतला असेल तर आधी तिथं पाहा. मोबाइलसिंक नावाच्या फोल्डरात आकडे-अक्षरांच्या नावांच्या हजारो फाइल असतात आणि जुन्या फोनचे बॅकअप कित्येक जीबी अडवून बसलेले असतात. आतल्या सुट्या फाइलना हात न लावता, आयट्यून्स किंवा अ‍ॅपल डिव्हाइसेसच्या प्रेफरन्सेसमधल्या यादीतून, फोनचं नाव आणि तारीख पाहून तो अख्खा बॅकअप काढा.