टीव्हीसारखी प्रसन्न सकाळ हवीये? मग हे करा

परवा रात्री आमच्याकडे आलेले एक वडीलधारे पाहुणे (नातं सांगत नाही, घरात राहायचंय मला) जाहिरात बघता बघता म्हणाले, "बघा, सकाळी सगळे कसे हसतायत. नाहीतर आपल्याकडे सकाळी नुसती आरडाओरड." आरडाओरड म्हणजे मी. आणि बाकीच्यांनी माना पण हलवल्या हो! तेव्हापासून मी टीव्हीवरच्या सकाळी अगदी मन लावून बघतेय, मालिका, जाहिराती, सगळं, आणि आपलं नेमकं काय चुकतं ते मला कळलंय. तर ज्यांना ज्यांना तशी सकाळ हवी असेल त्यांच्यासाठी थोडं मार्गदर्शन. फुकट आहे.

पहिलं म्हणजे उठायचं कसं. अलार्म एकदाच वाजवायचा, त्यासाठी डोक्यावर दोन घंटा असलेलं जुनं घड्याळ शोधून आणा कारण टीव्हीवर अजून तेच वाजतं. वाजलं की डोळे उघडायचे, हसायचं, दोन्ही हात वर करून आळस द्यायचा आणि थेट खिडकीकडे. स्नूझ वगैरे प्रकार नाही. स्नूझवालं घड्याळ 1956 साली बाजारात आलं, म्हणजे माणसांना उठवत नाही ही गोष्ट कंपन्यांना तेव्हाच कळली होती, फक्त टीव्हीवाल्यांना अजून कुणी कळवलेलं नाही. झोपेतून उठल्यावर डोकं ताळ्यावर यायला 15 ते 30 मिनिटं सहज लागतात, झोप अपुरी असेल तर त्याहून जास्त, तेवढ्या वेळात माणूस दाराला धडकतो, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधतो. तुम्ही असलं काही करायचं नाही. तुम्ही उठल्या उठल्या संवाद म्हणायचे.

लिपस्टिक रात्रीच लावून झोपा. उशीला लागत नाही, मी बघितलंय.

ऊन. बारा महिने तेरा काळ पडदा सरकवला की सोनेरी ऊन आत यायलाच पाहिजे. तुमच्या खिडकीतून समोरच्यांची भिंत दिसते? काही हरकत नाही, टीव्हीवाले पण सूर्याच्या भरवशावर बसत नाहीत. ते खिडकीबाहेर हजारो वॅटचा दिवा उभा करतात आणि खोलीत बारीक धूर सोडतात, म्हणजे किरणं वेगवेगळी दिसतात. तुम्ही वरच्या मजल्यावर राहत असाल तर क्रेन बोलवा. शेजारी काय म्हणतील ते म्हणू दे.

नवराबायकोने तोंड न धुता नाकाला नाक लावून गप्पा मारायच्या. झोपेत लाळ फार कमी सुटते, तोंड कोरडं पडतं, जंतूंना मोकळं रान मिळतं आणि सकाळी जो काय सुगंध येतो तो येतो. पण हे विज्ञान झालं, त्याचा टीव्हीशी काय संबंध.

ब्रशवर पेस्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत, शेवटी वर झोकदार शेपटी. डेंटिस्ट तीन ते सहा वर्षांच्या पोरांना वाटाण्याएवढी पेस्ट सांगतात आणि दोन मिनिटं घासा म्हणतात, त्यांचं ऐकू नका. चार वेळा इकडून तिकडे, फेस अजिबात नाही, आरशात बघून दात दाखवायचे, झालं.

संडासला जायचं नाही. कधीच नाही. आठ जणांच्या घरात सकाळी कुणी बाथरूमचं दार बडवत नाही, "किती वेळ अजून?" असं कुणी ओरडत नाही, गरम पाणी शेवटच्या माणसापर्यंत पुरतं. ही परंपरा फार जुनी आहे बरं का. 1957 साली अमेरिकेत एका मालिकेत दोन पोरं मगरीचं पिल्लू संडासाच्या टाकीत लपवतात अशी गोष्ट होती, तर चॅनेलने बरीच खळखळ केली आणि शेवटी फक्त वरची टाकी दाखवायला परवानगी दिली. खालचं भांडं नाही! मगर चालेल, भांडं नाही.

आता नाश्ता. टेबल मोठं हवं आणि एका बाजूला कुणीच बसायचं नाही, कारण तिथे कॅमेरा असतो. ज्यूसचा जग, टोस्टची चळत, कापलेली फळं, अंडी, शिवाय दोन-तीन झाकलेली भांडी आहेतच. हे कुणी केलं, किती वाजता उठून केलं, विचारायचं नाही. जिने केलं ती तिथेच उभी असते, कडक इस्त्रीचे कपडे, केस मोकळे, घामाचा थेंब नाही, आणि ती बसत नाही हे कधी नीट बघितलंय का तुम्ही, सगळे बसलेत आणि ती जग हातात घेऊन उभी. मग साहेब फोनवर बोलत बोलत जिना उतरणार, टोस्टचा एक घास, ज्यूसचा अर्धा घोट, "उशीर होतोय, निघतो!" आणि गेले. मागून पोरगा, तेच. पोरगी, तेच, वर "मला भूक नाही". आणि ती बाई हसते! कौतुकाने मान हलवते! अरे बाई, ते अख्खं टेबल भरलेलं आहे, कोण खाणार आहे ते? कोण झाकून ठेवणार आहे, कोण ती भांडी घासणार आहे? पुढच्या सीनमध्ये टेबल स्वच्छ असतं, कारण ते आवरायला सेटवर पगारी माणसं असतात. आमच्याकडे नाहीत.

आणि ते नट का खात नाहीत माहितीये? एकच सीन परत परत घेतात, दर वेळी टोस्ट तेवढाच खाल्लेला दिसला पाहिजे, खरंच गिळत बसले तर संध्याकाळपर्यंत पोट फुटेल. म्हणून एक घास, आणि कट म्हटलं की तोही बरेचदा बादलीत थुंकतात. जाहिरातीतल्या वाडग्यातलं दूध पुष्कळदा दूध नसतंच, पांढरा गोंद असतो, नाहीतर कॉर्नफ्लेक्स मऊ पडून बुडतात. कॉफीवरचे बुडबुडे साबणाचे. आणि मालिकेतला कप तर रिकामाच, हातात कसा फिरवतात ते बघा, त्यात गरम काही असतं तर आत्तापर्यंत अर्धी युनिट भाजली असती. म्हणजे गोंद आणि साबण पुढ्यात घेऊन पगार घेऊन हसणारी माणसं बघायची आणि मला विचारायचं की तू का नाही हसत? माझ्याकडे खरं दूध असतं. ते उतू जातं. ते उतू जात असताना एकाला जोडीतला दुसरा मोजा मिळत नसतो, दुसऱ्याला दार उघडताना आठवतं की आज कागदावर पालकांची सही पाहिजे होती, पेन चालत नाही, गॅस पुसायचा राहिलाय, आणि तिसरा शांतपणे विचारतो, "चहा झाला का?"

हो, मी ओरडते. रोज ओरडते. कारण हळू आवाजात सांगितलेलं या घरात कुणाच्या कानात शिरत नाही, सगळं करून बघितलंय. ज्यांना आरडाओरडीचा त्रास होतो ते स्वतः, हाक मारून मारून माझा घसा बसल्याशिवाय उठत नाहीत, उठल्यावर पांघरूण तसंच, ओला टॉवेल पलंगावर, पेस्टचं झाकण उघडं, आणि नंतर कपाळाला आठ्या घालून "सकाळी सकाळी काय कटकट". आणि रात्री त्याच टॉवेलवर बसून टीव्हीवरच्या बाईचं कौतुक! लाज वाटत नाही? तिच्या सकाळीसाठी लाईटवाले, मेकअपवाले, कपडेवाले, स्पॉटबॉय मिळून किती माणसं राबतात, आणि इथे एक माणूस स्वतःचा कप सिंकपर्यंत नेत नाही. सिंक किती लांब आहे? चार पावलं! पाहुणे असलात तरी पावलं तेवढीच आहेत.

कप उचला, धुवा, जागेवर ठेवा. हसायचं काय ते मी बघते मग.